हे मोजले कुणी?

सप्टेंबरच्या सोळा तारखेला आपल्याकडे बऱ्याच शाळांतून ओझोन दिन पाळतात. अशा दोन-चार कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जाण्याचा योग मला आला आहे. मी कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस. वारे, पाऊस, वातावरणाचे थर हा रोजचाच विषय, तेव्हा ओझोनवर चार शब्द बोलणे मला काही अवघड जात नाही. एकदा एका खेड्यातल्या हायस्कुलात असाच बोलत होतो आणि नेहमीचे, पाठ झालेले वाक्य तोंडून गेले : "क्लोरीनचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणू नष्ट करतो." टाळ्या झाल्या, आभार झाले, नारळ मिळाला. मी निघालो, तोच नववीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "सर, ते लाख रेणू मोजले कुणी?"

मी म्हटलं, "शास्त्रज्ञांनी." ती गप्प बसली, पण समाधान झालेलं माणूस जसं गप्प बसतं तशी नव्हे. आणि खरं सांगायचं तर माझंही समाधान झालं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षे मी ते वाक्य वर्गात सांगत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यानंतर जे वाचले आणि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, ते इथे मांडतो आहे. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. त्यामुळे जिथे मी अडलो तिथे तुम्हीही अडाल असे धरून चालतो, आणि तिथेच थोडा जास्त थांबतो.

पहिली अडचण म्हणजे गर्दी. आपल्या आसपासच्या एक घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे बोराएवढ्या जागेत, सुमारे २५ वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. दुसरी अडचण घाईची. त्यांतला प्रत्येक रेणू दर सेकंदाला आजूबाजूच्या रेणूंवर काही अब्ज वेळा आदळत असतो. आता नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी जो क्लोरीन वापरतात त्यात क्लोरीनचे अणू जोडीजोडीने असतात. जोडी तशी समाधानी. पण प्रकाशाने ती फुटली आणि अणू सुटा झाला, की तो भुकेला होतो. समोर येईल त्याच्यापासून काहीतरी हिसकावून घेतो. असा अणू फार वेळ सुटा राहत नाही. मग त्याचे वागणे पाहायचे तरी कसे?

हायड्रोजन आणि क्लोरीन हे दोन वायू अंधारात एकत्र ठेवले तर मुकाट राहतात, आणि उन्हात आणले तर धडाका होतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होती. प्रकाशाचा एक कण पडला तर एकामागून एक अशी क्रियांची साखळीच सुरू होत असली पाहिजे, असे १९१३ ते १९१८ च्या सुमारास बोडेनस्टाइन आणि नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडले. पण हे सगळे अनुमान होते. पेरलेले बी दिसत होते, खळ्यावरची रास दिसत होती. मधले उभे पीक कुणीही पाहिलेले नव्हते.

ते पाहण्याची युक्ती तुम्ही-आम्ही दर पावसाळ्यात बघतो. मृगाची रात्र आठवा. काळोख, धो धो पाऊस, आणि एकदम वीज चमकते. त्या लखलखाटात काय दिसते? उधळलेल्या बैलाचा उचललेला पाय तसाच अधांतरी. पागोळीचे थेंब हवेत टांगल्यासारखे. पाऊस जणू थांबलेला. वास्तविक थांबलेले काहीच नसते. उजेडच इतका थोडा वेळ असतो, की तेवढ्यात थेंबाला खाली यायला सवड मिळत नाही. म्हणजे वेगवान गोष्ट पाहायला वेगवान डोळा लागत नाही. आखूड उजेड लागतो. डोळ्याचे पाते एकदा लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो; त्याच्या भरवशावर राहिले तर रेणूंच्या जगातले काहीही हाती लागणार नाही.

हे काम इंग्लंडमध्ये केंब्रिजला झाले. रोनाल्ड नॉरिश हे तिथले प्राध्यापक, आणि जॉर्ज पोर्टर हा त्यांचा तरुण विद्यार्थी. पोर्टर दुसऱ्या महायुद्धात नौदलात रडारचा अधिकारी होता. रडार म्हणजे विजेचे आखूड धक्के सोडायचे आणि त्यांचा परतीचा वेळ मोजायचा. हे शिक्षण पुढे त्याच्या फार कामी आले. १९४५ साली तो केंब्रिजला आला तेव्हा लष्कराचा एक सर्चलाइट वापरून, सतत पडणाऱ्या प्रखर प्रकाशात वायूंचे रेणू फोडण्याचा प्रयत्न चालला होता. प्रकाश भरपूर, पण सुटे तुकडे दिसतील इतके साचतच नव्हते. का? तापल्या तव्यावर थेंब थेंब पाणी टाकत राहा, दिवसभर टाका, तळे काही साचणार नाही. प्रत्येक थेंब पडतो आणि वाफ होऊन जातो. पण तांब्याभर पाणी एकदम ओता. क्षणभर का होईना, तव्यावर पाणी उभे दिसेल.

तांब्याभर प्रकाश एकदम ओतायचा, ही कल्पना पोर्टरला सुचली ती १९४७ साली. प्रेस्टन गावी सीमेन्स कंपनीच्या दिव्यांच्या कारखान्यात तो एक दिवा आणायला गेला होता. तिथे त्याला क्षणात लखलखून विझणारे दिवे तयार होताना दिसले. परत आल्यावर त्याने आणि नॉरिश यांनी जे उपकरण उभे केले त्याची बातमी १९४९ साली 'नेचर' या नियतकालिकात आली.

उपकरण समजायला सोपे आहे. वायू भरलेली एक लांब नळी घ्या. ती साध्या काचेची चालत नाही, कारण साधी काच अतिनील किरण अडवते. म्हणून ती क्वार्ट्झची. तिच्याशेजारी तसाच लांब दिवा. ह्या दिव्याला वीज थेट तारेतून देत नाहीत. पंपाचे पाणी बारीक येत असेल तर आपण काय करतो? आधी हौद भरून घेतो आणि मग तोंड उघडून पाट एकदम सोडतो. तसे इथे कंडेन्सर नावाच्या साठवणीत वीज भरत ठेवायची आणि एका क्षणात सगळी दिव्यात सोडायची. लखलखाट होतो आणि नळीतल्या रेणूंपैकी मोठा हिस्सा एकाच वेळी फुटतो. आता तव्यावर पाणी उभे आहे.

पण ते पाहणार कोण? त्यासाठी दुसरा, लहान दिवा. पहिला चमकल्यानंतर ठरलेल्या अंतराने तो चमकतो. त्याचा प्रकाश नळीतून आरपार जातो आणि पुढे लोलकासारख्या साधनाने त्याचे रंग वेगळे होऊन फोटोच्या काचेवर पडतात. प्रत्येक पदार्थ प्रकाशातले आपापले ठरावीक रंग गिळतो, त्या जागी पट्ट्यात काळ्या रेषा उमटतात. कागदावरच्या अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा तसा ह्या रेषांवरून पदार्थ ओळखता येतो, आणि रेषा किती गडद यावरून तो किती आहे हेही कळते.

एका लखलखाटात एकच फोटो मिळतो. मग नळीत ताजा वायू भरायचा, अंतर थोडे वाढवायचे, पुन्हा लखलखाट, पुन्हा फोटो. हजारांश सेकंदाने एक, दोन हजारांशाने दुसरा. हे फोटो ओळीने मांडले की एखादा पदार्थ जन्मला केव्हा, वाढला केव्हा आणि नाहीसा झाला केव्हा, हे बिनचूक दिसते. मला ही गोष्ट समजायला वेळ लागला, म्हणून सांगतो : हा एकाच पिकाचा चित्रपट नव्हे. एका वावरात दहाव्या दिवशी फोटो काढला, दुसऱ्यात विसाव्या, तिसऱ्यात तिसाव्या. वावरे अगदी सारखी असली म्हणजे झाले.

सुरुवातीच्या प्रयोगांतच पोर्टरने क्लोरीन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण घेतले. लखलखाटानंतरच्या फोटोत अनोळखी काळ्या पट्ट्या उमटल्या. त्या होत्या क्लोरीन मोनॉक्साइडच्या. म्हणजे क्लोरीनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू यांच्या जोडगोळीच्या. काही हजारांश सेकंदांतच त्या पट्ट्या फिक्या होत गेल्या. दोन जोडगोळ्या एकमेकींना भेटत होत्या आणि पुन्हा मूळचा क्लोरीन, मूळचा ऑक्सिजन तयार होत होता. यातली मौज ध्यानात घ्या. लखलखाटाआधी नळीत जे होते तेच नंतर होते. आधी तपासा, नंतर तपासा, आत काहीच घडले नाही असेच कुणीही शपथेवर सांगितले असते. आणि मध्ये एक आख्खा पदार्थ जन्मून मरून गेलेला!

ह्या पद्धतीबद्दल नॉरिश आणि पोर्टर यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा मानफ्रेड आयगेन यांना, द्रवांमधल्या वेगवान क्रिया वेगळ्या मार्गाने मोजल्याबद्दल. पण क्लोरीन मोनॉक्साइडचा व्यवहारात कुणाला काही उपयोग असेल असे त्या काळी कुणाच्या मनातही आले नव्हते.

१९७४ साली कॅलिफोर्नियात शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी एक हिशेब मांडला. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू खाली कशानेही मोडत नाहीत, म्हणून ते हळूहळू वर, ओझोनच्या थरात पोचतात. तिथले अतिनील किरण त्यांना फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनच्या तीन अणूंपैकी एक हिसकावतो आणि क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. त्याला ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला की तो अणू ह्याच्याकडचा ऑक्सिजन काढून घेतो, आणि क्लोरीन पुन्हा मोकळ्या हाताने नव्या ओझोनकडे वळतो.

आता आपण त्या मुलीच्या प्रश्नापाशी आलो. जत्रेत एक खिसेकापू शिरला आहे. तो किती खिसे कापील हे कसे सांगाल? त्याच्या मागोमाग फिरून मोजण्याची गरज नाही. एक खिसा कापायला त्याला किती वेळ लागतो आणि शिपायाच्या हाती सापडायला किती वेळ लागतो, हे दोन आकडे कळले की अंदाज करता येतो. आकाशातले शिपाई म्हणजे मिथेनसारखे वायू. मिथेन भेटला की क्लोरीनचे हायड्रोजन क्लोराइड होते आणि त्याची चोरी थांबते. मात्र ही जन्मठेप नव्हे. हायड्रॉक्सिल नावाचा दुसरा एक उपद्व्यापी तुकडा त्याला जामिनावर सोडवतो. कायमचा तो जातो केव्हा? हवेबरोबर खाली येऊन पावसात विरघळला की. ती त्याची तडीपारी. तिला बराच काळ लागतो. तोवर पकडणे, सुटणे, पुन्हा चोरी, असे चालू राहते.

तेव्हा आकडे हवेत ते वेगांचे, आणि ते प्रयोगशाळेत मिळाले लखलखाटानेच. १९७० नंतरच्या दशकात ही रीत बरीच नाजूक झाली होती. क्लोरीनच्या अणूवर जर क्लोरीनच्याच अणूतून निघालेला अतिनील प्रकाश टाकला, तर तो अणू तोच प्रकाश शोषून पुन्हा चारी बाजूंना फेकतो. सुरात लावलेल्या दोन तंबोऱ्यांपैकी एक छेडला की दुसरा आपोआप झंकारतो, तसेच हे. ही चमक मोजली की किती अणू उरले ते कळते, मग ते अगदी विरळ का असेनात. वायूच्या भांड्यात ठरलेल्या मापाचा ओझोन घालायचा, लखलखाटाने थोडे क्लोरीनचे अणू सुटे करायचे, आणि चमक किती वेळात निम्मी होते ते पाहायचे. समजा अर्धा हजारांश सेकंद लागला. मग ओझोन दुप्पट करायचा. आता पाव हजारांश लागला पाहिजे. तसे झाले तर समजायचे की आपण मोजतो आहोत ती खरोखर ह्याच दोघांची क्रिया, भांड्याच्या भिंतीने किंवा भेसळीने केलेली लबाडी नव्हे. एका लखलखाटाची चमक फारच क्षीण; म्हणून शेकडो वेळा तेच करून बेरीज घेतात.

अशा मोजणीतून कळले, की खोलीच्या उष्णतामानाला क्लोरीनची ओझोनशी होणारी क्रिया त्याच्या मिथेनशी होणाऱ्या क्रियेपेक्षा शंभराहून अधिक पट जलद आहे. वरच्या कडाक्याच्या थंडीत मिथेन आणखी मंदावतो, त्यामुळे ही तफावत तिथे वाढते. बाकीच्या क्रियांचे वेगही असेच एकेक करून मोजले गेले. ते सगळे मांडून, जामिनाचे आणि तडीपारीचे हिशेब धरून जो आकडा येतो तो सुमारे एक लाख. तेव्हा लाख रेणू कुणी एक-दोन-तीन करत मोजले नाहीत. वेग मोजले, आणि लाख हा त्यांचा गुणाकार-भागाकार आहे. उंचीप्रमाणे तो कमीजास्त होतो. आता मी वर्गात 'सुमारे' हा शब्द घातल्याशिवाय ते वाक्य म्हणत नाही.

इथे गोष्ट संपली असती. पण १९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली ठाण्यावरची मोजमापे प्रसिद्ध केली आणि सगळ्यांचा हिशेब चुकला. तिथल्या वसंत ऋतूत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोन कुणाच्याही अंदाजापेक्षा कितीतरी जास्त घटत होता. वर सांगितलेल्या फेऱ्याला ऑक्सिजनचे सुटे अणू लागतात, आणि क्षितिजाशी रेंगाळणाऱ्या तिथल्या उन्हात ते पुरेसे नसतात. मग क्लोरीनला मोकळे करते कोण?

उत्तर जुन्या नळीत होते. क्लोरीन मोनॉक्साइडच्या दोन जोडगोळ्या एकमेकींना भेटतात, तीच पोर्टरने पाहिलेली भेट. कडक थंडीत त्या भेटून चिकटून राहतात. हा चिकटलेला रेणू उन्हाने फुटतो, क्लोरीनचे दोन अणू सुटतात, आणि सुट्या ऑक्सिजनवाचून फेरा चालू राहतो. मारिओ आणि लुईसा मोलिना या पतिपत्नींनी १९८७ साली हे मांडले. त्याच साली चिले देशातल्या पुंता अरेनास येथून, जवळजवळ वीस किलोमीटर उंचीवर जाणारे एका वैमानिकाचे विमान अंटार्क्टिकावर गेले. त्यावर जेम्स अँडरसन यांचे उपकरण होते. ते आत आलेल्या हवेत नायट्रिक ऑक्साइड मिसळून क्लोरीन मोनॉक्साइडचा सुटा क्लोरीन करत असे आणि मग त्याची चमक मोजत असे. तंबोऱ्याचीच रीत, आता आकाशात. १६ सप्टेंबरच्या उड्डाणाचा आलेख प्रसिद्ध आहे : जिथे क्लोरीन मोनॉक्साइड चढतो, नेमका तिथेच ओझोन उतरतो, अगदी बारीकसारीक चढउतारांसकट. योगायोग असा, की त्याच दिवशी तिकडे कॅनडात माँट्रियलच्या करारावर सह्या होत होत्या. आपल्या शाळांतला ओझोन दिन त्या सह्यांवरून आला. भारत १९९२ साली त्या करारात सामील झाला.

वेग मोजण्यात चूक झाली तर काय होते, याचेही उदाहरण सांगायला हवे. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने त्या चिकटलेल्या रेणूची मोजणी पुन्हा केली. आकडा असा आला, की तो उन्हात मानला होता त्याच्या मानाने फारच सावकाश फुटतो. हे खरे असेल तर ओझोनच्या भगदाडाचा सगळा हिशेब कोलमडत होता, आणि त्याच हिशेबावर जगाने कारखाने बदलले होते! हे ऐकून काही लोकांना आनंदही झाला. पण दुसऱ्या प्रयोगशाळा स्वस्थ बसल्या नाहीत. नमुन्यात साधा क्लोरीन वायूही मिसळलेला असतो. त्याने गिळलेला प्रकाश एकूणातून वजा करावा लागतो, आणि वजाबाकी थोडी चुकली की उत्तर पार बदलते. २००९ साली तैवानच्या शास्त्रज्ञांनी ही वजाबाकी टाळणारी रीत वापरून पुन्हा मोजले. आकडा मोठा निघाला आणि हिशेब सावरला. शिक्षक बंधुभगिनींनो, पाठ्यपुस्तकात ह्या दोन वर्षांबद्दल एक ओळही नसते. मला तर ती वर्षे सगळ्यांत शिकवण्याजोगी वाटतात.

हे सर्व मी त्या मुलीला तिच्या मुख्याध्यापकांच्या पत्त्यावर लिहून पाठवले. पंधरा दिवसांनी तिचे उत्तर आले. त्यात आभार अर्ध्या ओळीचे, आणि पुढे नवा प्रश्न : दुसरा दिवा पहिल्यानंतर नेमका किती वेळाने लागला, हे कुणी मोजले? हजारांश सेकंद दाखवणारे घड्याळ असेलही, पण त्याहून बारीक असेल तर?

याचे उत्तर मला मोठे गमतीचे वाटले. पोर्टरच्या काळी ते काम विजेच्या मंडलांनी होत असे, रडारमध्ये होते तसेच. पुढे १९६० साली लेसर आला, लखलखाट आणखी आखूड झाले, आणि विजेची मंडलेही अपुरी पडू लागली. मग वेळ चक्क पट्टीने मोजू लागले. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात तीस सेंटिमीटर, शाळेतल्या पट्टीएवढा. एकाच लखलखाटाचे दोन भाग करायचे. एक सरळ नळीत पाठवायचा, दुसरा लांबच्या आरशावरून वळवून आणायचा. दुसऱ्याला जितकी वाट जास्त, तितका तो उशिरा पोचतो. ह्याच रीतीने अहमद झेवेल हे इजिप्तमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अब्जांशाच्याही दहालाखाव्या हिश्शापर्यंत पोचले आणि रेणूतला बंध तुटत असतानाच त्यांनी पाहिला. १९९९ चे नोबेल त्यांना मिळाले. तिथे आरसा केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी सरकवावा लागतो.

तिला मी एवढेच कळवले, आणि एक आकडा मुद्दाम उघडा ठेवला. आरसा पंधरा सेंटिमीटर मागे सरकवला की दुसरा लखलखाट एक अब्जांश सेकंद उशिरा येतो. तीस नव्हे, पंधरा. का, ते तिच्या सरांनी तिला फळ्यावर काढून दाखवावे, अशी चिठ्ठी सोबत जोडली आहे.